फिरती पाटी आणि शब्दाचा अर्थ

टपालाच्या खणांवर कधी चौकोनी दांडीची फिरती पाटी बसवतात. तिच्या प्रत्येक बाजूवर वेगळं गाव. सकाळी ‘सातारा’ असलेला खण दांडी फिरवताच ‘सांगली’ होतो. खण तोच, फळी तीच. मग नाव खणाचं होतं का? शब्द आणि अर्थ यांचं नातं मीमांसा दर्शनाचे अनुयायी, म्हणजे मीमांसक, नित्य मानतात; न्याय दर्शनाचे नैयायिक ते संकेतातून आलेलं मानतात. मला ही पाटी नैयायिकांची साक्षीदार वाटते. टपालाचा पिनकोडही तीच साक्ष देतो. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी. त्यांनी घडवलेला हा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. त्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश यांच्या वाट्याला सुरुवातीचा ४ आला. त्या ४मध्ये इथल्या मातीचं काहीच नाही, तरी पत्र पोचतं.

नावं अशी फिरू लागली तर व्यवहार कोलमडेल, असं मीमांसक म्हणतील. आक्षेप वजनदार आहे. पण घोळ होतो तो एकानं दांडी फिरवली आणि शेजारच्याला कळलं नाही तेव्हा. संकेताला एकवाक्यता पुरते, आणि ती राखणं ही फिरवणाऱ्याची नैतिक जबाबदारी आहे. म्हणूनच दांडी फिरवण्याआधी खण रिकामा करावा लागतो. साताऱ्याचं एक पत्र तळाशी राहिलं, तर ते सांगलीच्या थैलीत जातं.