डाग कुठे, दोष कुणाचा?



फेफरे येणाऱ्या मुलाला तपासणीसाठी करमाळ्याहून सोलापूरला किंवा पुण्याला नेले, की परतीच्या एसटीत आईबापांच्या मांडीवर एक मोठे पाकीट असते. त्यात मेंदूच्या फिल्म असतात. घरी पहिला प्रश्न ठरलेला : "काही निघालं का?"

एमआरआयमध्ये जुना व्रण, गाठ, कधी फीतकृमीच्या अळीची पुटकुळी दिसते. पेट स्कॅन मेंदूचा कोणता भाग साखर कमी वापरतो ते दाखवतो. झटके जिथून उठतात, तो भाग एरवी बहुधा मंद असतो. ईईजीच्या नोंदी जोडून डॉक्टर उगमाची जागा ठरवतात. सुमारे दोनतृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी थांबतात. उरलेल्यांपैकी काहींना, जागा नेमकी सापडल्यास, शस्त्रक्रियेचा उपयोग होतो.

डाग दिसला की घरावरचे ओझे उतरते. बाधा नव्हती, करणी नव्हती, आईचे पाप नव्हते! पण अनेकांच्या फिल्मवर काहीच दिसत नाही. त्यांचाही आजार मेंदूचाच असतो; यंत्राला तो दिसला नाही, एवढेच. मग डाग नसलेले मूल पुन्हा संशयित ठरणार का? निर्दोषपणासाठी फिल्म लागत असेल, तर आपण दोष देणे सोडलेले नाही. फक्त पुरावा मागू लागलो आहोत.

संत मार्कच्या नवव्या अध्यायात एक बाप असाच मुलगा येशूकडे आणतो. पाप कुणाचे, असे प्रभू विचारत नाही. हे केव्हापासून होते, एवढेच विचारतो. तेथे अशुद्ध आत्म्याचा उल्लेख आहे, म्हणून शेजारच्या मुलावर तो शिक्का मारण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांतील फेफऱ्याची आडकाठी १९९९ साली निघाली. आपल्या मनातली निघाली का?

मिस्सेच्या वेळी कुणाला झटका आला, तर कांदा, चप्पल शोधू नका. त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा; पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर दवाखान्यात न्या. शुद्धीवर आला, की आपल्याच शेजारी बसवा. फिल्ममध्ये काय निघाले, हे विचारू नका. बरे वाटते का, एवढेच विचारा.