हाती आलेली मुले



आपल्या घरात एकाच मुलाला एकाच दिवशी दोन बोल ऐकावे लागतात. सकाळी आपण म्हणतो, "एवढा घोडा झालास, जबाबदारी कळत नाही?" संध्याकाळी तो घरच्या व्यवहारात बोलू लागला की म्हणतो, "लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस." मग त्याने स्वतःला काय समजावे?

कायद्याने वयाच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. १९८९ साली मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. १८ व्या वर्षी मोटारीचा परवाना मिळतो, दौंडच्या राखीव पोलीस दलात भरतीला उभे राहता येते. ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायला मात्र २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. कायदा वय मोजतो. समज घरातच यावी लागते.

१९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. ३०० शब्दांचा निबंध लिहिण्यासारख्या अटींवर त्याला जामीन मिळाला, तेव्हा लोक संतापले. त्याचा न्याय न्यायालय करील. पण परवान्याचे वय होण्याआधी मुलाला गाडीची किल्ली देणारे पालक आपल्या गावांतही आहेत.

याच्या उलटही घडते. शिरूर तालुक्यात रांजणगावला, दौंड तालुक्यात कुरकुंभला कितीतरी मुलेमुली कंपनीत पाळ्या करतात. त्यांच्या पगारातून घरचे हप्ते फिटतात. पण एकूण कर्ज किती, हे त्यांना कोणी सांगत नाही. मुलीचे स्थळ ठरत आले की मग तिला विचारले जाते. एकाला जबाबदारीशिवाय मोकळीक मिळते, दुसऱ्याला अधिकाराशिवाय ओझे. अशाने दोघांपैकी कोणीच प्रौढ होत नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानातील (अध्याय १५) पित्याने धाकट्याला त्याचा वाटा दिला आणि जाऊ दिले. पैसा उडवल्याचे परिणाम मुलाने स्वतः भोगले. पित्याची नजर मात्र वाटेवरच होती.

म्हणून घरच्या कर्जाची वही सज्ञान मुलांपुढे उघडू या. सणाला खुर्च्या मांडण्याचे काम आपण युवकांना देतोच. आता वर्गणीचा हिशेबही त्यांच्याकडे सोपवू या. चूक झाली तर ती त्यांनाच निस्तरू द्यावी आणि आपण त्यांच्याजवळ उभे राहावे.