नावाला ओ कोण देतं?

चेनसॉ विकून गब्बर झालेल्या रॉबर्ट मॅकलक या अमेरिकन कारखानदाराने १९६८ साली लंडनचा पूल विकत घेतला. किंमत २४ लाख ६० हजार डॉलर. टेम्सवरचा १८३१ सालचा तो दगडी पूल वाहतुकीच्या भाराने खचत चालला होता आणि शहराला तो काढून नवा बांधायचा होता. मॅकलकने दर्शनी ग्रॅनाइटच्या शिळांवर क्रमांक घालून त्या ॲरिझोनाच्या वाळवंटात, स्वतःच वसवलेल्या लेक हवासू सिटीत नेल्या. तिथे सिमेंट-काँक्रीटचा नवा सांगाडा उभा केला आणि त्यावर त्या शिळा चढवल्या. १९७१च्या ऑक्टोबरात थाटात उद्घाटन झालं. इकडे लंडनमध्ये जुन्याच जागी बांधलेला नवा पूल १९७३ साली खुला झाला आणि त्याचंही नाव लंडन ब्रिजच राहिलं. मग खरा लंडन ब्रिज कुठला? दगड ॲरिझोनात आहेत, टेम्स लंडनमध्ये आहे आणि नाव दोन्हीकडे आहे. १८३१च्या पुलानेही ते नाव आधीच्या मध्ययुगीन पुलाकडूनच घेतलं होतं. या सौद्याची आजवर बरीच थट्टा झाली आहे, पण नाव आणि वस्तू यांचा संबंध काय, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न त्याने नकळत भर वाळवंटात उभा करून ठेवला. मॅकलकच्या स्वतःच्या धंद्यात तर हा प्रश्न रोजचा होता.

एका कारखान्यात तयार झालेलं यंत्र दुसऱ्याच्या नावाने आणि रंगाने विकायचं, याला आपण बिल्ला बदलणं म्हणू. मारुतीची बलेनो टोयोटाच्या दुकानात ग्लान्झा होते, ते हेच. चेनसॉच्या इतिहासात ही गोष्ट इतकी मुरलेली आहे की जुन्या करवती जमवणाऱ्यांचा निम्मा वेळ कोणत्या नावाखाली खरं कोण दडलं आहे, ते हुडकण्यातच जातो. एमिल लेर्प यांनी १९२७ साली जर्मनीतल्या थुरिंगियात डोलमार नावाच्या डोंगरावर पेट्रोलवर चालणारी करवत चालवून पाहिली. ती ५८ किलोंची होती आणि उचलायला दोन माणसं लागत. डोंगराचं नाव पुढे कंपनीला मिळालं. १९९१ साली ही कंपनी जपानच्या मकिताने घेतली आणि हॅम्बुर्गच्या कारखान्यातून एकच करवत दोन वेशांत बाहेर पडू लागली: नारिंगी-लाल रंगात डोलमार पीएस-७९००, निळ्या रंगात मकिता डीसीएस-७९०१. आत तेच ७८.५ सीसीचं इंजिन. स्वीडनमध्ये १६८९ साली बंदुकांचा कारखाना म्हणून सुरू झालेल्या हुस्कवार्नाने १९५९ साली पहिली चेनसॉ काढली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रोलक्सने हुस्कवार्ना घेतली, आणि तिची कट्टर प्रतिस्पर्धी योन्सेरेडही. त्यानंतर हुस्कवार्ना ३७२ एक्सपी आणि योन्सेरेड २१७१ या दोघींत फरक उरला तो मुख्यतः नारिंगी आणि लाल रंगाचा. जंगलात मात्र दोन्ही नावांचे कट्टर भक्त एकमेकांशी वाद घालतच राहिले.

अमेरिकेतल्या सिअर्स कंपनीची तऱ्हा आणखी निराळी. क्राफ्ट्समन या नावाने तिने असंख्य करवती विकल्या, पण त्या बनवल्या इतरांनी. त्यांतल्या पुष्कळशा लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टमध्ये सुरू झालेल्या पौलन कंपनीच्या होत्या. मॉडेल क्रमांकाचे पहिले तीन आकडे ३५८ असले की करवत पौलनची, हे जाणकाराला लगेच कळे. म्हणजे करवतीवर दोन नावं असायची, एक गिऱ्हाइकासाठी मोठ्या अक्षरांत आणि दुसरं सुट्या भागांच्या दुकानदारासाठी बारीक आकड्यांत. करवतीचा जो भाग प्रत्यक्ष लाकूड कापतो, ती साखळी तर बहुतेकदा तिसऱ्याचीच असे. जोसेफ कॉक्स या ओरेगनच्या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे न्याहाळले आणि तिच्या धर्तीवर दाते असलेली साखळी १९४७ साली पोर्टलंडमध्ये विकायला काढली. आज जगातल्या बहुतेक साखळ्या त्याच घडणीच्या असतात. कार्बोरेटर टिलोटसनचा नाही तर वॉल्ब्रोचा. मग जिच्यावर मॅकलक किंवा होमलाइट असं ठसठशीत लिहिलेलं असे, त्या करवतीत त्या नावाचं असं नेमकं होतं तरी काय?

इथे आपल्या परंपरेतली दोन उत्तरं हाताशी येतात. उपनिषदांतल्या मातीच्या दृष्टान्ताने विचार करणारा म्हणेल की द्रव्य तेच खरं, नाव आणि आकार वरवरचे. मॅग्नेशियमचा क्रँककेस आणि सिलिंडर एकच असतील तर डोलमार आणि मकिता हा भेद बोलण्यापुरता. मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथातला भिक्षू नागसेन याहून पुढे जाईल. त्याने मिलिंद राजाला विचारलं होतं की आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, आणि रथ हे केवळ व्यवहाराचं नाव ठरवलं होतं. साखळी एकाची, कार्बोरेटर दुसऱ्याचा, नाव तिसऱ्याचं अशी चेनसॉ त्याच्या हाती पडती, तर राजाला निरुत्तर करायला त्याला फार वेळ लागला नसता. न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, यावर आक्षेप घेतील: एक भाग धरून ओढला तर सगळी वस्तू ओढली जाते, म्हणून अवयवांहून वेगळा एक अवयवी मानावाच लागतो. मला नैयायिकांचं हे म्हणणं पटतं. दोरी ओढल्यावर जे सुरू होतं ते भागांचं गाठोडं नसतं, ती एक करवत असते. पण त्यातून वस्तूचं एकपण सिद्ध होतं, नावाचं नाही. ही एकसंध करवत मकिता का आणि डोलमार का नाही, याबद्दल नैयायिकही गप्पच.

जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातली चार निक्षेपांची मांडणी इथे जास्त उपयोगी पडते. एकच शब्द चार रीतींनी लावता येतो: नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. गुण असोत-नसोत, नुसतं नाव ठेवणं हे नाम. मूर्तीत किंवा प्रतिकृतीत कल्पना करणं ही स्थापना. पूर्वी तसं होतं किंवा पुढे होणार आहे म्हणून म्हणणं हे द्रव्य. आणि जे आत्ता प्रत्यक्ष तसं आहे, तो भाव. ॲरिझोनातला पूल स्थापनेने लंडन ब्रिज आहे, टेम्सवरचा भावाने. निळ्या मकितात डोलमारचा भाव होता, नाव नव्हतं. १९९९ साली मॅकलक कंपनीचं दिवाळं वाजलं तेव्हा नेमकं उलट घडलं. उत्तर अमेरिकेतले हक्क तैवानच्या एका कंपनीने घेतले आणि युरोपातले इलेक्ट्रोलक्सकडे गेले. एकच नाव दोन खंडांत दोन मालकांचं झालं. ज्या कारखान्याने १९४९ साली एका माणसाला उचलता येईल अशी २५ पौंडांची ३-२५ ही करवत काढून लाकूडतोडीचा धंदा बदलून टाकला होता, तो दोघांपैकी कोणाकडेच गेला नाही. निक्षेपांच्या भाषेत हे शुद्ध नाम. तरीही ते खोटं का वाटतं, आणि क्राफ्ट्समन का वाटत नाही, हे निक्षेप सांगत नाहीत. सिअर्सने तर एकही करवत बनवली नव्हती.

माझं उत्तर असं आहे की धंद्यातलं नाव द्रव्याला चिकटलेलं नसतं आणि ते निव्वळ सोयीचंही नसतं. ते जबाबदारीचं नाव असतं. नाव घेऊन हाक मारली तर ओ देणारं कोणी आहे का, हीच त्याची कसोटी. करवत बंद पडली की नाव घेऊन कोणाच्या दारात जायचं, दहा वर्षांनी पिस्टन कोण देणार, साखळी तुटून हात कापला गेला तर जाब कोणाला विचारायचा? सिअर्स या सगळ्याला उत्तर देत होती. ३५८ हा आकडा लपवाछपवीसाठी नव्हता, सुटा भाग नेमका मिळावा म्हणून होता. त्यामुळे क्राफ्ट्समनवरचं नाव, बनवणारा दुसरा असूनही, खरं होतं. मकिताचं नावही खरं होतं. दिवाळखोरीच्या लिलावात विकलेलं नाव मात्र जुनी पुण्याई घेऊन येतं आणि जुनी देणी मागेच सोडतं. पन्नासच्या दशकातल्या करवतीच्या मालकाने तेव्हा त्या नावाने हाक मारली असती तर दोन खंडांतल्या दोन मालकांनी एकमेकांकडे बोट दाखवलं असतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मग हमी देणाऱ्या कोणालाही कोणतंही नाव लावता यावं. तसं नाही. नाव मागच्या कामाची आठवण उसनी घेतं, आणि जे उसनं घेतलं त्याला जागावं लागतं. हुस्कवार्ना ३६ आणि ४१ यांसारखी घरगुती मॉडेलं स्वीडनमधून आली नव्हती, ती आर्कान्सामधल्या नॅशव्हिलच्या पौलनच्या कारखान्यातून निघाली. उभ्या सांध्याचा मॅग्नेशियम क्रँककेस ही जंगलात रोज राबणाऱ्या करवतीची घडण. या मॉडेलांत मात्र इंजिनाचा खालचा भाग स्वस्तात जोडून प्लास्टिकच्या सांगाड्यात बसवलेला होता. हमी होती, भाग मिळत होते, माझ्या कसोटीवर ती वरवर पासही होतात. पण हुस्कवार्ना हे नाव ऐकून गिऱ्हाइकाने जी हाक मारली होती ती जंगलातल्या करवतीला, आणि ओ मिळाली ती परसातल्या करवतीकडून. याला फसवणूक म्हणणं जड होईल, कारण किमतीवरून फरक कळत होता. पण सचोटी म्हणणंही सोपं नाही. जबाबदारी हमीच्या कागदापुरती नसते, नावाने जी अपेक्षा जागवली तीही तिच्यात येते, इतकी दुरुस्ती या आक्षेपाने माझ्या म्हणण्यात करायला हवी.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि तो आपल्याच मातीतला आहे. वारकरी परंपरेत नाम आणि नामी वेगळे मानत नाहीत. नावाला असं करारपत्राच्या पातळीवर आणणं हा नावाचा अपमान नाही का? मला वाटतं, भक्तीतलं नाम माझ्या बाजूनेच साक्ष देतं. भक्त नाव घेतो ते ऐकणारा आहे या भरवशावर. ऐकणाऱ्यापासून सुटं केलेलं नाम भक्तीत कल्पनेतही येत नाही, आणि तिथे ते कोणाच्या मालकीचं नसल्यामुळे विकताही येत नाही. व्यापारचिन्हांच्या कायद्याने मात्र नाव ही स्वतंत्र मालमत्ता करून टाकली. कारखाना एकाला, यंत्रं दुसऱ्याला आणि नाव तिसऱ्याला विकायची सोय झाली. नाम-नामींची ताटातूट कायद्याने मान्य केल्यावर नावं पोरकी झाली, यात नवल नाही. कायद्याचे कैवारी म्हणतील की याच सोयीमुळे बुडणाऱ्या कंपनीच्या घेणेकऱ्यांचे काही पैसे वसूल होतात. ते खरंच आहे. पण ज्याच्या परसात करवत पडून आहे, तोही त्या कंपनीचा घेणेकरीच होता, आणि लिलावात त्याला कोणी विचारलं नाही.

मग संग्राहकांचं काय, असं विचारता येईल. मेलेल्या कंपन्यांच्या करवती ते जिव्हाळ्याने जपतात, आणि तिथे तर ओ द्यायला कोणीच उरलेलं नाही. खरं पाहता उरलेले तेच आहेत. जुन्या इंजिनांचे भाग पुन्हा घडवणं, एका मेलेल्या करवतीतून दुसरीला जगवणं, कोणत्या बिल्ल्याखाली कोणाचं इंजिन आहे याची नोंद ठेवणं, ही सगळी त्या नावाने राहून गेलेली देणीच ते फेडत असतात. मकिताने २०२२ साली पेट्रोलच्या यंत्रांचं उत्पादन थांबवल्यापासून डोलमारची वाटही हळूहळू तिकडेच वळते आहे.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र बाजारातूनच येतो. जपानच्या झेनोआ कंपनीच्या जी-५२०० या घराण्यातल्या करवतींची नक्कल चीनमध्ये अनेक कारखान्यांनी केली. ४५, ५२, ५८ सीसीच्या त्या करवती जगभर, भारतातही, असंख्य नावांनी विकल्या जातात. नावं हंगामागणिक बदलतात आणि बहुतेक नावांमागे कोणी उभं नसतं. माझ्या म्हणण्याप्रमाणे ही सगळ्यात निराधार यंत्रं असायला हवीत. प्रत्यक्षात ती दुरुस्त करायला सगळ्यात सोपी आहेत, कारण सगळ्या एकाच साच्यातल्या असल्यामुळे एकीचा सिलिंडर बहुधा दुसरीला बसतो. ओ देणं इथे नावाने सोडून दिलं आणि साच्याने उचललं. म्हणजे उत्तरदायित्वाला नावाची गरज असते, पण नावावाचून ते अडून बसत नाही. द्रव्य तेच खरं म्हणणाऱ्यांना मी वर जरा घाईने बाजूला सारलं होतं, त्यांना इथे थोडी जागा द्यावी लागते. पूर्ण मात्र नाही, कारण साखळी तुटून इजा झाली तर साचा भरपाई देत नाही. बाकी व्यवहारात गिऱ्हाइकाने आपली वाट शोधली आहे. करवतीवर काय छापलंय हे तो बघतच नाही, दुकानात जाऊन अठ्ठावन्न सीसीचा पिस्टन मागतो, आणि दुकानदारही कंपनी न विचारता तो काढून देतो.