परत आलेल्यांचा सत्कार

गेल्या वर्षी रोवणी आटोपल्यावर फुलचूरला आम्ही काही कुटुंबे एकत्र बसलो होतो. आयुष्यभर विनावेतन लोकसेवा केलेल्या आमच्यातल्या एका वृद्ध मावशींचा सत्कार करावा की नाही, एवढाच विषय होता. शाल, श्रीफळ, मानपत्र, पाहुण्यांचे भाषण, सारे ठरल्यासारखेच होते. मावशींना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "शाल नको रे बाबांनो. मंगळवारी मी इस्पितळात रोग्यांना भेटायला जाते, तेव्हा कुणीतरी सोबत या." आम्ही हसलो आणि शालीचा रंग ठरवू लागलो. ते हसणे पुढे आम्हांला सलत राहिले.

सेवकाचा गौरव करावा का? पर्वतावरील प्रवचनात प्रभू येशू आधी सांगतो की दिवा दिवठणीवर ठेवावा, लोकांना सत्कृत्ये दिसावीत. आणि थोड्याच वेळात बजावतो की दानधर्म गुप्तपणे करावा. वरवर पाहता हा विरोध वाटतो. परंतु गुप्ततेचा नियम करणाऱ्यासाठी आहे. त्याने मान मागू नये, म्हणून आपण कृतघ्न राहावे असा त्याचा अर्थ होत नाही. बरे झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच आभार मानायला परतला, तेव्हा उरलेल्या नऊ जणांची चौकशी प्रभूने केलीच होती. तेव्हा सत्कार करावा, हे आम्हांला मान्य आहे. अडचण आहे ती सत्कार कुणाचा होतो आणि त्यानंतर आपण काय करतो, यात.

आपल्या विदर्भाशी संबंध असलेलेच एक उदाहरण घेऊ. १९३८ साली जपानी आक्रमणाने होरपळणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. यांपैकी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिकडेच राहिले, रणभूमीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया करीत झिजले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी निवर्तले. त्यांच्यावर १९४६ साली व्ही. शांतारामांनी चित्रपट काढला; चीनमध्ये शिज्याच्वांग येथे त्यांची समाधी आहे, सोलापुरात स्मारक आहे. हा मान सर्वस्वी योग्यच होता. शेवटच्या वर्षी ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले होते, म्हणून आपल्यापैकी कुणी बिचकत असेल तर त्याने दयाळू शोमरोनी कोणत्या पंथाचा होता ते आठवावे.

पण पथकातले डॉ. मोरेश्वर चोळकर नागपूरचे होते. आपल्या गोंदियाहून नागपूर आगगाडीने दोन-अडीच तासांवर. कोटणिसांहून वयाने पुष्कळ ज्येष्ठ असूनही ते त्या युद्धभूमीकडे निघाले आणि १९३९ मध्ये परत आले. त्यांचे नाव आमच्या घरातल्या एकाही तरुणाला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर आम्हांलाही फार उशिरा कळले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर लिहिलेल्या पुस्तकाचे नावच 'अँड वन डिड नॉट कम बॅक' असे आहे. एक जण परतला नाही, हे आपण जपले. चार जण परतले, हे विसरून गेलो.

ख्रिस्तसभाही एका अर्थी थांबतेच. संतपदाची चौकशी साधारणपणे मृत्यूनंतर पाच वर्षांनी सुरू होते, आणि त्यामागचे शहाणपण आम्हांला पटते: माणूस हयात असताना त्याला घसरायलाही वाव असतो. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी, परप्रेमापोटी स्वेच्छेने आपले प्राण अर्पण करणाऱ्यांसाठी स्वतंत्र वाट मोकळी केली. मात्र संतपदासाठीचा हा संयम उचलून आपण तो रोजच्या व्यवहारात वापरतो, तेव्हा जिवंत माणसाला मदतीचा हात द्यायचे राहून जाते. मेलेला सेवक आपल्याकडे काही मागत नाही. जिवंत सेवक मंगळवारी सोबत या म्हणतो.

मान स्वीकारूनही त्याचे काय करता येते, हे मदर तेरेसांनी दाखविले. १९६४ साली मुंबईच्या युखरिस्त परिषदेला आलेल्या पोप सहावे पॉल यांनी आपली मोटार त्यांना भेट दिली. मदरनी ती सोडतीत काढली आणि मिळालेला पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला लावला. १९७९ च्या नोबेल पारितोषिकाच्या वेळी मेजवानी रद्द करून तो खर्च गरिबांना द्यावा, असे त्यांनी सुचविले. त्यांनी मान नाकारला नाही, तो पुढे पाठविला. आपल्या मावशींनीही, पाहायला गेले तर, तेच केले होते. फक्त आम्हांला ते शालीच्या रंगापुढे ऐकू आले नाही.

शाल अखेर घेतली. तिच्या पैशांचे दुसरे काही करता आले असते, पण मोह आवरला नाही. मानपत्र मात्र छापले नाही. त्या कागदावर वर्षभरातल्या मंगळवारांच्या तारखा लिहून प्रत्येक घराने आपापली तारीख निवडली. पहिल्या मंगळवारी तिघे जण गेलो. मावशी पुढे चालत होत्या, आणि खाटेवरच्या एका म्हाताऱ्याने आमच्याकडे बोट दाखवून त्यांना विचारले, "हे कोण?"