न्हाणीची जाळी कोणी काढावी?

शास्त्रपाठ : अनुवाद 23:12-14



हा शास्त्रपाठ उपासनेत सहसा वाचला जात नाही. वाचलाच तर मागच्या बाकावरची मुले हसू दाबतात आणि वाचणारा घाईने पुढच्या वचनांकडे वळतो. इस्राएल लोक लढाईसाठी छावणी देऊन राहतील तेव्हा शौचासाठी छावणीबाहेर जावे, प्रत्येकाने आपल्या हत्यारांबरोबर खणावयाचे साधन बाळगावे, आणि आपली घाण आपणच मातीने झाकावी, एवढीच ती आज्ञा. कारण मात्र मोठे दिले आहे. त्या छावणीतून परमेश्वर फिरत असतो.

येथे रूपक करण्याचा मोह होतो. घाण म्हणजे पाप, खणावयाचे साधन म्हणजे पश्चात्ताप, असे म्हटले की उपदेश दहा मिनिटांत आटोपतो. परंतु मोशे येथे रूपक सांगत नाही. तो खऱ्याखुऱ्या घाणीविषयी बोलतो. म्हणून मीही आज आपल्या घरातल्या न्हाणीविषयी, पाणी सावकाश ओढणाऱ्या मोरीविषयी बोलणार आहे. पाळकसाहेबांनी रागावू नये.

पूर्वी न्हाणीचे पाणी परसातल्या अळवाला आणि केळीला जात असे. आता फरशीखालून नळ जातो, काही घरांत आंघोळीचा टबही आला आहे. फरशीतल्या जाळीखाली जे भांडे असते त्याला देशभरचे प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपलाच शब्द बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांत जाऊन बसला आहे. त्या ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी कायम उभे राहते आणि गटाराची हवा व झुरळे वर येऊ देत नाही. पाणी अडवून दुर्गंधी थोपविण्याची ही युक्ती अलेक्झांडर कमिंग ह्यांनी 1775 साली आपल्या शौचकूपाच्या पेटंटात वापरली. दोन इंच पाणी ही क्षुल्लक गोष्ट वाटते. पण 2003 साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स ह्या वसाहतीत सार्सची साथ पसरून तीनशेहून अधिक लोक आजारी पडले, तेव्हा न्हाणीघरांतले सुकलेले ट्रॅप हे तिचे एक कारण असल्याचे तपासात दिसून आले. म्हणून पाहुण्यांसाठी ठेवलेल्या, वापरात नसलेल्या न्हाणीत आठवड्याला एक-दोन तांबे पाणी ओतावे.

आता मोरी तुंबते का? केस हे मूळ. केसांच्या जाळ्यात साबण अडकतो, आणि बोअरचे पाणी क्षाराचे असेल तर साबणाचा पांढरा चिकट साका होतो. त्यावर डोक्याचे तेल बसते. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजते, म्हणून इंदूर-ग्वाल्हेरकडे थंडीत मोऱ्या अधिक तुंबतात. दिवाळीच्या दिवसांत उटण्याचा चोथा भर घालतो.

उपाय सोपा आहे, फक्त किळस बाजूला ठेवावी लागते. जाळी उचलावी. काही ट्रॅपमध्ये खाली उपडी वाटी असते. तीही काढून घासावी आणि आठवणीने परत बसवावी, कारण ती नसेल तर दुर्गंधी अडत नाही. मग तारेचे टोक आकड्यासारखे वाकवून केसांचा बोळा वर ओढावा. टब असेल तर आधी त्याचे बूच काढून तेथले केस काढावेत. तरी पाणी हलले नाही तर रबरी पंप लावावा; रबर बुडेल एवढे पाणी ठेवावे आणि टबाच्या वरच्या अंगाचे जादा पाण्याचे छिद्र ओल्या फडक्याने घट्ट दाबून धरावे. हे न केल्यास सगळा जोर त्या छिद्रातून निघून जातो आणि माणूस उगाच दमतो. शेवटी गरम पाणी, पण उकळते नव्हे. प्लास्टिकचे नळ त्याने नरम पडतात. सोडा आणि व्हिनेगर फसफसतात खरे, पण एकमेकांचा जोर मारतात; केस जागचे हलत नाहीत. घरातल्या सगळ्याच मोऱ्या एकदम सावकाश झाल्या असतील तर दोष बाहेरच्या चेंबरात आहे. पुढे तुंबू नये म्हणून बारीक जाळी बसवावी, आणि न्हाण्यापूर्वी केस विंचरून गुंतवळ केरात टाकावे. एवढ्याने निम्मे काम होते.

आपल्याकडे मात्र बोळा ओढण्याऐवजी बाटली ओतण्याची सवय आहे. अ‍ॅसिड सिमेंटचे सांधे खाते. कॉस्टिक सोडा डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते. अ‍ॅसिडवर ब्लीचिंग पावडर पडली तर विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि बाटलीनेही न विरघळलेला गोळा कोठे जातो? पुढे. आपल्या नळातून चेंबरात, चेंबरातून रस्त्याखाली. तेथे तो हाताने काढणारा कोणीतरी माणूसच असतो.

2013 च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात वा सेप्टिक टँकमध्ये उतरविणे हा गुन्हा ठरला. तरी माणसे उतरतात आणि मरतात. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितले होते. ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली ह्यातच सर्व आले. आपल्यांपैकी काहींच्या आजोबा-पणजोबांनी नगरपालिकेचा झाडू धरलेला आहे. नातवंडे शिकली, फ्लॅटमध्ये आली, हे देवाचे उपकार. पण मोरी तुंबली की आपणही वॉचमनला हाक मारून ‘जरा कोणाला तरी पाठवा’ म्हणतो, आणि तो ‘कोणीतरी’ कोण हे आपणांस पक्के ठाऊक असते.

आता पुन्हा शास्त्रपाठ पाहा. मोशेने ह्या कामासाठी एखादा वंश नेमला नाही. निवासमंडप वाहण्यासाठी लेवी नेमले, त्यांच्या घराण्यांना कामे वाटून दिली. घाण झाकण्यासाठी कोणालाच नेमले नाही. साधन प्रत्येकाच्या सामानात होते, सरदाराच्याही. जो देव छावणीतून फिरतो, त्याने हे काम शेजाऱ्यावर सोपविण्याची मुभा ठेवली नाही. योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू पाणी आणि रुमाल घेऊन उठला, तेव्हा खोलीत बारा धडधाकट पुरुष होते आणि प्रत्येकजण दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहत असावा, असे मला नेहमी वाटते.

न्हाणीची जाळी घरातल्या सुनेनेच काढायची, हाही एक नेमलेला वंशच झाला. कर्त्या पुरुषांनी महिन्यातून एक शनिवार हे काम आपल्याकडे घ्यावे. मोठे काम निघाले तर नगरपालिकेची यंत्रगाडी बोलवावी, आणि आलेल्या कामगाराला हातमोजे नसतील तर चेंबर उघडू देऊ नये. त्याला पाणी द्यावे, आणि ते घरच्या पेल्यातून द्यावे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी ही तीन वचने मोठ्या मुलांकडून वाचून घ्यावीत. हसतील, हसू द्यावे. मग प्रत्येकाने घरी जाऊन न्हाणीची जाळी कोण काढते ते विचारावे आणि पुढल्या रविवारी वर्गात सांगावे.