शिफारशीचे मोल

काही महिन्यांपूर्वी, रविवारच्या सकाळच्या मिस्सेनंतर, आमच्या धर्मग्रामातील एक तरुण भगिनी मला भेटावयास आली. घरात दोन लहान मुले, पतीची नोकरी कंत्राटी, त्यातच सासूबाईंचे औषधपाणी. स्वयंपाकघरातील वस्तू स्वतः वापरून पाहाव्यात आणि त्यांचे गुणदोष मोबाइलवरून ओळखीच्या स्त्रियांना कळवावेत, हा तिचा जुना छंद. अलीकडे त्या छंदाला मिळकतीची जोड मिळाली होती.

"मी पाठवलेल्या दुव्यावरून कोणी कुकर किंवा मिक्सर मागवला, तर कंपनी मला थोडे कमिशन देते," ती म्हणाली. "घेणाऱ्याला एक पैसाही जास्त पडत नाही. पण परवा नणंदेने विचारले, 'वहिनी, तू हे आमच्यासाठी सांगतेस की कमिशनसाठी?' मला उत्तरच सुचले नाही. फादर, हे पाप आहे का?"

प्रश्न साधा होता, परंतु मी तिला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. त्याचे कारण माझ्याच आयुष्यात दडलेले आहे. ते पुढे सांगेनच. त्याआधी हा व्यवहार काय आहे, ते नीट समजून घेऊ.

या पद्धतीत कंपनी प्रत्येक शिफारस करणाऱ्यास त्याच्या खुणेचा स्वतंत्र दुवा देते. त्या दुव्यावरून खरेदी झाली, की ती त्याच्या खात्यावर मोडते आणि वस्तूच्या किमतीचा ठरावीक टक्का त्याला मिळतो. वस्तू परत गेली, तर कमिशनही परत जाते. अॅमेझॉन कंपनीने १९९६ साली ही पद्धत अवलंबिली आणि पुढे ती जगभर पसरली. साधन नवे असले, तरी व्यवहार जुनाच आहे. घेणारा आणि विकणारा यांची गाठ घालून देणारा आणि त्याबद्दल मोबदला घेणारा तिसरा माणूस आपल्याला अनोळखी नाही. आपण त्याला दलाल म्हणतो, अडत्या म्हणतो.

दलाल या शब्दाला आपल्याकडे वाईट वास येतो. जमिनींचे व्यवहार ज्यांनी जवळून पाहिले, त्यांना त्याचे कारण सांगावयास नको. तथापि मोबदला घेणे हेच मुळात वाईट, असे नीतिशास्त्र म्हणत नाही. तेराव्या शतकातील थोर ईश्वरविद्यापंडित संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात खरेदीविक्रीतील नीतीची सविस्तर चर्चा केली आहे. कुटुंबाच्या निर्वाहासाठी अथवा गरजूंच्या मदतीसाठी, आपल्या श्रमाचा मोबदला म्हणून बेताचा नफा घेणे निर्दोष आहे, असे त्यांचे मत. वस्तू पारखणे, वापरून पाहणे, चार जणींना समजेल अशा शब्दांत सांगणे, हे श्रमच होत. मजुराला त्याची मजुरी मिळावी, ही प्रभू येशूचीही शिकवण आहे.

मग त्या नणंदेच्या प्रश्नाने ती भगिनी अस्वस्थ का झाली? मला वाटते, तिच्या मनाने दोष बरोबर ओळखला होता, फक्त त्याचे नाव तिला सापडत नव्हते.

पूर्वी गुरांच्या बाजारात रुमालाखाली सौदे चालत. दोन माणसे रुमालाखाली हात घालीत आणि बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. भोवती माणसे उभी असत, परंतु रुमालाखाली काय चालले आहे, ते कोणालाच दिसत नसे. त्या व्यवहारात निदान एक गोष्ट उघड होती. रुमाल डोळ्यांना दिसत होता. काहीतरी झाकले जात आहे, हे सर्वांनाच ठाऊक होते. शिफारशीच्या व्यवहारात मात्र रुमालही दिसत नाही. कापडाच्या दुकानात विक्रेता "ताई, हा रंग तुम्हांला खुलून दिसतो" असे म्हणतो, तेव्हा आपण मनातल्या मनात त्याचे शब्द चार आणे कमी करून घेतो, कारण त्याचा स्वार्थ आपल्याला ठाऊक असतो. जाऊबाईने, मैत्रिणीने, गुरुजींनी किंवा फादरांनी सांगितले, की आपण काहीच वजा करीत नाही. त्यांचा शब्द पूर्ण किमतीने स्वीकारतो. म्हणूनच तर कंपन्यांना असा शब्द हवा असतो.

आता माझी गोष्ट. पंधराएक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना पवित्र भूमीची यात्रा ठरली. यात्रा आखणाऱ्या संस्थेचे प्रतिनिधी मला भेटून गेले. वीस यात्रेकरू जमवल्यास एकविसावे आसन धर्मगुरूंना मोफत, असा त्यांचा रिवाज होता. मला त्यात वावगे काही वाटले नाही. धर्मगुरूवाचून यात्रा कशी होणार? मी वेदीवरून सूचना दिली, नावे लिहून घेतली. मोफत आसनाविषयी मी बोललो नाही. लपवावे असे मनात नव्हते. सांगावे असे सुचलेच नाही.

अठरा नावे झाली आणि यादी तेथेच अडली. त्या आठवड्यात एक वयस्क विधवा भगिनी आल्या. ठेवीतील पैसे मोडून जाण्याची त्यांची तयारी होती. त्यांनी एकच गोष्ट विचारली: "फादर, माझे गुडघे दुखतात. मला जमेल ना?" कार्यक्रमाचा कागद माझ्या टेबलावर होता. चालणे पुष्कळ आहे, हे मी वाचले होते. तरीही मी म्हणालो, "सगळे जमेल, मावशी. देवाच्या भूमीवर जात आहोत आपण."

येरुशलेमच्या जुन्या नगरात प्रभूच्या क्रूसमार्गाची वाट अरुंद दगडी गल्ल्यांतून, पायऱ्यापायऱ्यांनी जाते. तेथे बस जात नाही. पवित्र कबरेच्या मंदिरात शिरताच उजव्या हाताला कालवारीकडे जाणारा उंच, चढा जिना आहे. आम्ही सर्व वर गेलो. मावशी खाली भिंतीला टेकून बसून राहिल्या. ज्या ठिकाणासाठी त्यांनी ठेव मोडली, ते ठिकाण त्यांच्या डोक्यावर काही हातांवर होते. परतल्यावर त्यांनी तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. उलट गावात सांगत राहिल्या, "फादरांमुळे मी येरुशलेम पाहिले."

मी त्यांच्याशी खोटे बोललो का? ज्या क्षणी बोललो, त्या क्षणी माझा त्या शब्दांवर विश्वास होता. हीच या प्रकरणातील सर्वांत अवघड बाब होय. वीस हा आकडा भरला नसता, तर मी त्यांना कागद वाचून दाखवला असता, जिन्याविषयी चौकशी केली असती, कदाचित "डॉक्टरांना विचारा" असेही म्हणालो असतो. त्या मोफत आसनाने मला खोटे बोलावयास लावले नाही. त्याने माझी चौकशी करण्याची इच्छा तेवढी कमी केली. लाभ माणसाच्या जिभेआधी त्याच्या नजरेला गाठतो.

संत थॉमस यांनी विक्रेत्याच्या कर्तव्याची चर्चा करताना एका डोळ्याच्या घोड्याचे उदाहरण दिले आहे. घोड्याचा दोष उघड दिसत असेल आणि किंमत त्या मानाने कमी केली असेल, तर विक्रेत्याने तो बोलून दाखवलाच पाहिजे असे नाही. दोष झाकलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर मात्र तो सांगणे बंधनकारक आहे. हा निकष शिफारस करणाऱ्याला लावून पाहा. सल्ला हाच त्याचा घोडा. विक्रेत्याचा स्वार्थ हा उघड्या डोळ्यांना दिसणारा दोष आहे. मित्राच्या सल्ल्यात दडलेले कमिशन हा झाकलेला दोष आहे. तो सांगितल्याखेरीज घेणाऱ्याला त्या सल्ल्याची खरी किंमत ठरवताच येत नाही.

येथे एक जुना आक्षेप पुढे येतो. रोमन विचारवंत सिसेरो यांनी इसवी सनापूर्वी ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात एक प्रसंग मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन येतो. मागून आणखी गलबते येत आहेत, हे त्याला ठाऊक आहे. ते त्याने लोकांना सांगावे का? डायोजेनिस हा तत्त्वज्ञ म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सर्व काही सांगितलेच पाहिजे. सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूने आहे. संत थॉमस याहून सौम्य आहेत. अशा व्यापाऱ्याने न्यायाचा भंग केला असे ते म्हणत नाहीत. सांगितले तर तो अधिक सद्गुणी ठरेल, एवढेच म्हणतात. परंतु तो व्यापारी लोकांना परका होता, त्याचा स्वार्थ उघड होता आणि तो कोणाला सल्ला देत नव्हता. आमची मावशी माझ्याकडे आली, ती ग्राहक म्हणून आली नव्हती. परक्याचे मौन आणि आपल्या माणसाचे मौन एकाच तराजूत तोलता येत नाही.

व्यवहारी जगाच्या कायद्यालाही हे उमगलेले आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार, प्रतिनिधीने मालकाला न कळवता त्याच व्यवहारात स्वतःच्या नावे लाभ साधला, तर तो लाभ मालक मागू शकतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची भलावण करणाऱ्यास दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसे केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्र शासनाने जून २०२२ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी जो आर्थिक संबंध असेल, तो त्याने ठळकपणे, सहज समजेल अशा भाषेत सांगावा, असे त्यांत म्हटले आहे. हा संबंध केवळ रोख पैशांचा असतो असे नव्हे. फुकट मिळालेल्या वस्तू आणि फुकट घडवलेले प्रवासही त्यात येतात. ते वाचताना मला माझे एकविसावे आसन आठवले.

तथापि, सांगून टाकले की सर्व जबाबदारी संपली, असेही नव्हे. डॉक्टरांचेच उदाहरण घ्या. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणे, ज्याला आपल्याकडे 'कट प्रॅक्टिस' म्हणतात, ते भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी निषिद्ध ठरवले. तेथे 'कमिशन घ्या, पण रुग्णाला सांगा' अशी सवलत नाही. कारण उघड आहे. रुग्ण भ्यालेला असतो, त्याला पारख नसते, नकार देण्याचे बळ नसते. "या तपासणीत माझे कमिशन आहे" असे सांगितले, तरी तो बिचारा काय करणार? जेथे समोरचा माणूस आपल्या शब्दावर सर्वस्वी अवलंबून आहे, तेथे कमिशन सांगणे पुरेसे नाही, ते न घेणेच योग्य. डॉक्टर, शिक्षक आणि धर्मगुरू या तिघांनी हे विशेष लक्षात ठेवावे. मिक्सरचे तसे नाही. घेणारी बाई चार दुकाने फिरू शकते, दुसरीला विचारू शकते, वस्तू परतही करू शकते. तेथे कमिशन घ्यावे, उघड सांगून घ्यावे.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील हनन्या आपल्याला ठाऊक आहे. जमीन विकून आलेल्या रकमेतील काही भाग त्याने ठेवून घेतला. पेत्राने त्याला दोष दिला, तो रक्कम ठेवल्याबद्दल नव्हे. जमीन त्याची होती, पैसाही त्याचाच होता. थोडे देऊन सारे दिल्याचा देखावा केला, हा त्याचा अपराध. कमिशन घेऊनही निव्वळ प्रेमाने सांगत असल्याचा देखावा करणे, हे त्याच जातीचे आहे.

त्या तरुण भगिनीला मी अखेर एवढेच सांगितले. तुझी मिळकत पाप नाही. मात्र वस्तूची माहिती देताना पहिल्याच ओळीत, तुझ्या मराठीत, 'यात मला कमिशन मिळते' असे लिही. जी वस्तू तू वापरलेली नाहीस, तिच्याविषयी बोलू नकोस. गुणांबरोबर दोषही सांग. कमिशन न देणारी वस्तू अधिक चांगली असेल, तर तिचेच नाव घे. आणि वर्षातून काही वेळा तरी, 'हे घेऊ नका, तुमचा जुना कुकर चांगला आहे' असे सांगण्याची पाळी तुझ्यावर यावयास हवी. ती कधीच आली नाही, तर आपली नजर कोठे अडकली आहे ते स्वतःला विचार.

"पण फादर, असे लिहिले तर लोक विश्वास ठेवतील का?" तिने विचारले. काही ठेवणार नाहीत, मी म्हणालो. जो विश्वास सत्य सांगितल्याने जातो, त्यावर मिळवलेले पैसे आपले नव्हते, असे समजावे. महिन्याभराने ती पुन्हा भेटली. कमिशन निम्म्यावर आले होते. नणंदेने मात्र कढई घेण्यापूर्वी तिलाच विचारले होते.

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातून पुन्हा यात्रा निघाली. मोफत आसनाची रक्कम सर्वांच्या भाड्यातून वजा करावी, असे मी आयोजकांना सांगितले आणि तसे मिस्सेनंतर जाहीरही केले. कार्यक्रमाचा कागद मोठ्याने वाचला, पायऱ्यांसकट. तिघांनी नावे मागे घेतली. त्या तिघांचे मला समाधान वाटले. मावशी मात्र आता हयात नाहीत. त्यांची क्षमा मागावयाची राहून गेली. म्हणून ती येथे, आपणा सर्वांसमोर मागत आहे.