आधी प्रश्न नीट विचारायला शिका

मागच्या बाकावरून कोण म्हणालं, ‘बरं झालं, स्टॅक ओव्हरफ्लो ओस पडलं’? उभे राहा. काय बरं झालं, ते वर्गाला सांगा.

नाही सांगता येत? मग ऐका. प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांचं ते संकेतस्थळ 2008 साली जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी सुरू केलं. तेव्हापासून जगभरची माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून, एक पैसा न घेता तिथे उत्तरं लिहीत आली. मिळायचं काय, तर कुणाला उत्तर पटलं की 10 गुण. त्या उत्तरांवर तुमच्या दोन मिनी प्रोजेक्टचं गाडं ओढलं गेलं. तुमच्यापैकी कितीजणांनी तिथे एक तरी उत्तर लिहिलं? हात वर करा. एकही नाही!

2012 साली तिथे एकाने विचारलं, की सॉर्ट केलेल्या ॲरेवर तोच लूप एवढा वेगाने का चालतो? त्याने चालणारा कोड दिला, वेळ मोजून दिली: सॉर्ट न करता 11.54 सेकंद, करून 1.93. त्याला उत्तर देणाऱ्याने रेल्वेच्या सांध्याचा फोटो लावून ब्रँच प्रेडिक्शन समजावलं. प्रोसेसर आतून कसा अंदाज बांधतो, हे कितीतरी लोक त्या पानावर शिकले. आणि तुमचा प्रश्न? ‘सर, कोड चालत नाही, अर्जंट’, सोबत स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो. त्यात एरर अर्धी कापलेली!

तिथले जुने लोक खडूस होते, हे मला सांगू नका, मला ठाऊक आहे. नवख्याने तोंड उघडलं की ‘डुप्लिकेट’ म्हणून प्रश्न बंद. नवख्यांना तिथे परकं वाटतं, हे कंपनीनेच 2018 मध्ये जाहीर कबूल केलं होतं. प्रश्नांचा ओघ चॅटजीपीटीच्या आधीच आटू लागला होता; 2022 च्या नोव्हेंबरात ते आलं आणि उरलंसुरलंही कोसळलं. 2024 मध्ये कंपनीने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयशीच करार केला, तेव्हा काहींनी चिडून आपलीच उत्तरं पुसायला घेतली, तर त्यांची खाती गोठवली गेली. त्यांचा राग मला समजतो, कारण त्यांनी लिहिलं होतं. तुम्ही कशाच्या जोरावर नाकं मुरडता? तुम्ही तर साधं खातंही उघडलं नव्हतं.

चॅटबॉटला विचारू नका, असं मी म्हणत नाही; मीही विचारतो. पण त्याला जे येतं त्यातलं पुष्कळसं याच लोकांनी लिहून ठेवलेलं आहे. उद्या लायब्ररीची नवी आवृत्ती येईल, नवा बग येईल, त्याबद्दल कुणी कुठेच लिहिलेलं नसेल. तेव्हा काय कराल? गेल्या आठवड्यात याच वर्गात चार ग्रुपना डेटाबेस कनेक्शनची एकच एरर आली. चारही ग्रुप आपापल्या चॅटबॉटच्या खिडकीत तासन्‌तास खपले. तोडगा सापडला, खिडकी बंद. शेजारच्या बाकाला पत्ता नाही!

आता त्या चारही ग्रुपनी पुढे या. एरर काय होती, काय करून पाहिलं, कशाने सुटली, हे इथे बसून लिहायचं, आणि ते वाचून पाचव्या ग्रुपला ती सोडवता आली पाहिजे. तोवर एकाच्याही जर्नलवर सही होणार नाही.